प्रेसबिटेरियन मंडळीतलं महिला मंडळ: एकमेकींची सोबत आणि समाजसेवा कशी उभी करावी

महिला मंडळ सुरू करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली चर्चा कार्यक्रमांची होते. नाताळात काय करायचं, कपडे कुठे वाटायचे, सहलीला कधी जायचं. माझा आग्रह असा की कार्यक्रमांची यादी थोडी बाजूला ठेवावी आणि आधी माणसं जोडावीत. ज्या मंडळातल्या बायकांना शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या घरी काय चाललंय याचा पत्ता नसतो, ते मंडळ बाहेरच्यांची सेवा फार काळ करू शकत नाही. वर्षभर उत्साह टिकतो आणि मग सगळा भार तीन-चार जणींवर येतो. म्हणून सहभागिता आधी, सेवा तिच्यातून. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

सेशनशी आधी बोला

प्रेसबिटेरियन हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ. त्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कारभार एकट्या पाळकांच्या (पाद्रींच्या) हाती नसतो. मंडळीने कारभारासाठी निवडलेले सभासद, ज्यांना वडील (एल्डर) म्हणतात, आणि पाळक मिळून सेशन बनतं आणि त्यावर प्रेसबिटरी, म्हणजे परिसरातल्या अनेक मंडळ्यांची मिळून असलेली सभा, असते. त्यामुळे पाळकांनी ‘हो, करा की’ म्हटलं म्हणजे काम झालं असं धरू नका. एका पानाचं पत्र सेशनला द्या. मंडळाचा उद्देश काय, पदाधिकारी कोण निवडणार, जमलेला पैसा कोणाच्या खात्यात राहणार, तो खर्च करण्याचा निर्णय कोण घेणार आणि सेशनला अहवाल कधी मिळणार, एवढं त्यात असावं. सेशनच्या कार्यवृत्तात त्याची नोंद झाली का, हे नंतर जरूर विचारा.

पैसा आणि निर्णय हे मुद्दे लिहून घ्या, असं मी ठासून सांगते त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन स्त्रियांनी स्वतःची मिशन बोर्डं (धर्मप्रसार आणि सेवेच्या संस्था) उभी केली, शाळा आणि दवाखाने चालवले, त्यांचा निधीही स्वतःच जमवला. 1923 मध्ये मंडळीच्या पुनर्रचनेत ही बोर्डं मोठ्या बोर्डांत विलीन झाली, आणि ज्या बायकांनी ती उभारली त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. त्यांच्यातली नाराजी इतकी खोल होती की त्यांच्या पुढारी कॅथरीन बेनेट आणि मार्गारेट हॉज यांना 1927 मध्ये तिच्या कारणांवर अहवाल सादर करावा लागला. पुढे 1930 मध्ये त्या मंडळीने स्त्रियांना वडील होण्याची वाट मोकळी केली. तुमच्या मंडळीतले संबंध आज कितीही सलोख्याचे असोत, पाळक बदलतात, वडील बदलतात. कागद राहतो.

सेशनमध्ये एखादी स्त्री वडील असेल तर तिला दुवा म्हणून मागून घ्या. नसेल तर कोणत्याही एका वडिलांना दर तिमाहीला बैठकीला बोलवा.

कोण येऊ शकत नाही, ते आधी पाहा

मंडळीच्या सभासद यादीतून सगळ्या स्त्रियांची नावं काढा. नियमित येणाऱ्या, कधीतरी येणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या, नोकरी करणाऱ्या, नव्याने आलेल्या, सगळ्या. प्रत्येकीला फोन करून दोनच प्रश्न विचारा: तुम्हाला कोणती वेळ जमेल, आणि यायला काय अडतं? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट टिपून ठेवा. लहान मूल, जिना, रात्री एकटीने परतण्याची भीती, कमी ऐकू येणं, ‘मला तिथे कोणी ओळखत नाही’ ही कारणं पुन्हा पुन्हा निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांवर उपाय निघतो. तळमजल्यावरची खोली घ्या, मुलं सांभाळायला दोघी नेमा, येण्याजाण्याची जोडी लावून द्या.

सगळ्यांना सोयीची एकच वेळ मिळत नसेल तर दोन गट करा. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांत अशा छोट्या गटांना सर्कल म्हणतात. एक सकाळी भरतो, एक संध्याकाळी, आणि अधूनमधून सगळे एकत्र येतात. आठ ते बारा जणी हा आकडा मला चांगला वाटतो. त्याहून जास्त झाल्या की बोलणाऱ्या ठरावीक राहतात आणि बाकीच्या ऐकून घरी जातात.

दीड तासाची बैठक

वेळेवर सुरुवात आणि वेळेवर शेवट, हा पहिला नियम. कामावरून धावत आलेल्या बाईला आपण किती मान देतो ते यातून दिसतं.

पहिली पंधरा मिनिटं एकमेकींची विचारपूस. नव्या बाईजवळ कोणी बसायचं हे आधी ठरलेलं असावं. मग अर्धा-पाऊण तास वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास, पंधरा-वीस मिनिटं प्रार्थना आणि शेवटी दहा मिनिटं कामकाज. कामकाज शेवटीच ठेवा. ते आधी घेतलं तर खर्चाच्या चर्चेत वचन आणि प्रार्थना दोन्ही गुंडाळली जातात.

अभ्यास म्हणजे दुसरं प्रवचन होऊ देऊ नका. चालवणारी दर वेळी वेगळी असू द्या आणि तिला दोन आठवडे आधी उतारा कळवा. एक उदाहरण देते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, नववा अध्याय, यापो गावची टबीथा. ती मरण पावते, येशूचा शिष्य पेत्र येतो, आणि विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवतात. आता गटाला विचारा: या विधवांनी पेत्राला कपडेच का दाखवले? त्या टबीथेच्या कोण होत्या, केवळ मदत घेणाऱ्या की तिच्या जिवाभावाच्या? आपण ज्यांना मदत करतो त्यांच्यापैकी कोणी आपल्यासाठी असं रडेल का? तिसऱ्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरते. ती लगेच भरून काढायची घाई करू नका. नंतरच्या सेवाकामाची दिशा बऱ्याचदा याच शांततेनंतरच्या बोलण्यातून मिळते.

मोठ्याने वाचायला किंवा प्रार्थना करायला कोणालाही भाग पाडू नका. ‘मी आज फक्त ऐकते’ एवढं म्हणायची मुभा पहिल्याच दिवशी सांगून टाका. ज्यांना वाचता येत नाही किंवा चारचौघींत बोलायची सवय नाही, त्या या एका वाक्यावर पुढच्या वेळी येतात.

सोबत

आता खरं काम. पाळक आणि वडील भेटी देतातच, पण महिला मंडळाची सोबत वेगळी असते. ती पदाने येत नाही आणि एका भेटीत संपत नाही.

दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीकडे चार-पाच घरं द्या. महिन्यातून एक फोन, दोन महिन्यांतून एक भेट, एवढंच ठरवा. यापेक्षा मोठं ठरवलं की ते पाळलं जात नाही आणि न पाळल्याची खंत मागे लागते. जोडीत एक वयस्क आणि एक तरुण असली तर दोघींनाही शिकायला मिळतं.

रुग्णालयातली भेट दहा-पंधरा मिनिटांची. जाण्याआधी घरच्यांना विचारा, भेट हवी आहे का. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, उग्र सुगंध लावू नका, आत जाण्याआधी हात धुवा. पलंगावर बसू नका; खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसा. काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले, हे खोदून विचारायचं नाही. ‘प्रार्थना करू का?’ असं विचारा आणि ‘आज नको’ हे उत्तर मनापासून स्वीकारा. आणि कृपा करून स्वतःच्या नात्यातल्या कोणाला हाच आजार कसा झाला होता, ती कथा सांगू नका.

शोक झालेल्या घरी अंत्यविधीच्या दिवशी माणसं भरपूर असतात. ती ओसरली की घर खायला उठतं, आणि तेव्हा मंडळाची गरज लागते. सचिवाने एक वही ठेवावी. मृत्यूनंतरचा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, पहिलं वर्षश्राद्ध म्हणू नका पण पहिली स्मृती, या तारखा त्यात लिहून त्या दिवशी कोण फोन करणार तेही नोंदवावं. फोनवर मोठं काही बोलावं लागत नाही. ‘आज त्यांची आठवण येत असेल, म्हणून फोन केला’ हे पुरतं. ‘देवाची इच्छा होती’, ‘आता सावरायला हवं’ ही वाक्यं टाळा. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसले होते तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी समजावायला सुरुवात केल्यावर.

बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झालेल्या घरी जेवण पोहोचवायचं असेल तर आधी तीन गोष्टी विचारा: काय चालत नाही, किती जण जेवणार, कोणत्या वेळी आणावं. भांडी परत करावी लागणार नाहीत अशीच द्या. आणि दारातूनच निघा, तिने आत बोलावलं नाही तर.

ऐकलेलं कुठे न्यायचं नाही

प्रार्थनेच्या विनंत्या हा महिला मंडळाचा सर्वांत मौल्यवान भाग आणि सर्वांत धोक्याचाही. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, तिचा मुलगा…’ अशी सुरुवात करून एखाद्या घराची सगळी लक्तरं बाहेर येऊ शकतात. म्हणून नियम असा: स्वतःबद्दल बोला, दुसऱ्याबद्दल बोलायचं तर त्याची परवानगी हवी. परवानगी नसेल तर नुसतं ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करूया’. देव पत्ता विचारत नाही. मोबाइलच्या गटावर आजाराचं नाव, रुग्णालयाची खोली, घरातलं भांडण यातलं काहीही टाकू नये. तिथून ते कुठवर जाईल हे आपल्या हाती राहत नाही.

गट एकमेकींवर विश्वास ठेवायला लागला की एखादी बाई घरातल्या मारहाणीबद्दल बोलेल. बैठकीत नव्हे, बहुधा भांडी आवरताना किंवा दाराशी. या क्षणासाठी मंडळाने आधीच तयार असायला हवं.

तिच्यावर विश्वास ठेवा. ‘तू काय बोललीस?’ असं विचारू नका. क्षमा कर, सहन कर, घर वाचव, असं वचनाच्या आधाराने तिला सुनावणं हे मोठं पाप आहे असं मी मानते. तिच्या नवऱ्याशी परस्पर बोलायला जाऊ नका, दोघांना समोरासमोर बसवू नका. त्याचा राग घरी गेल्यावर तिच्यावर निघतो. ‘लगेच घर सोड’ असाही दबाव नको, कारण घर सोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो आणि त्याची तयारी जाणकारांच्या मदतीने करावी लागते. तुमच्या भागातली स्त्रियांसाठीची हेल्पलाइन, निवारागृह आणि कायद्याची मदत यांची माहिती अध्यक्षेकडे नेहमी अद्ययावत हवी. तिच्या फोनवर संदेश पाठवण्याआधी तो फोन आणखी कोण पाहतं ते विचारा. जीवाला तातडीचा धोका असेल तर पोलीस.

‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. मूल धोक्यात असेल किंवा कोणी जीव देण्याच्या विचारात असेल, तर योग्य माणसापर्यंत ते पोहोचवावंच लागतं. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी सांगावं लागलं तर आधी तुला विचारेन, पण गप्प राहू शकणार नाही’ असं सुरुवातीलाच म्हणणं प्रामाणिक आहे.

सेवा कोणती निवडायची

चार-सहा महिने हे सगळं नीट चाललं की बाहेर पाहा. पाहण्याची पद्धत प्रेषितांची कृत्ये, सहाव्या अध्यायात आहे. पहिल्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटलं जाई, आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यात वगळल्या जात. तक्रार आली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, ती दडपली नाही. सात जण नेमले गेले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला होता, बहुधा त्यांच्याच गोटातली माणसं वाटपावर बसली. सेवा निवडताना हाच प्रश्न विचारा: आपल्या परिसरात कोण वगळलं जातंय, आणि निर्णय घेताना त्यांच्यातलं कोण आपल्याबरोबर बसणार?

महिनाभर फक्त ऐका. शाळेतल्या शिक्षिका, परिचारिका, वृद्धाश्रमातले कर्मचारी, सफाई कामगार स्त्रिया, घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या सुना-लेकी यांना भेटा. ‘आम्ही काय देऊ?’ असं विचारलं तर लोक संकोचाने काहीतरी वस्तू सांगतात. ‘तुमचा आठवड्यातला सर्वांत कठीण दिवस कोणता, आणि का?’ असं विचारा. त्यातून कळतं की कोणाला दर आठवड्याला दोन तास आजारी सासूजवळ बसणारं माणूस हवंय, कोणाला अर्ज भरून देणारं.

मग एकच काम निवडा. ते निवडताना स्वतःला विचारा: हे काम दुसरी कोणी संस्था आधीच चांगलं करत असेल तर आपण तिला हात का देऊ नये? आपल्यातल्या किती जणी वर्षभर नियमित येतील, उत्साहाच्या भरात नव्हे, खरोखर? आपण थांबलो तर त्या माणसांचं काय होईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भयंकर असेल तर ते काम एकट्याने घेऊ नका. स्कॉटलंडच्या मंडळीतल्या गिल्डची रीत मला आवडते. 1887 मध्ये स्त्रियांची संघटना म्हणून सुरू झालेलं हे गिल्ड तीन-तीन वर्षांचा टप्पा ठरवतं आणि त्या काळात मोजक्याच उपक्रमांना साथ देतं. तीन वर्षांत काम समजतं, माणसं ओळखीची होतात, आणि टप्पा संपला की बदल करायला संकोच वाटत नाही.

पहिले तीन महिने प्रयोग म्हणून करा, लहान प्रमाणात. साबण, टॉवेल, कंगवे अशा वस्तूंचे संच बनवून एखाद्या मदत संस्थेला द्यायचे असतील तर तिची यादी तंतोतंत पाळा. वर काही घालू नका, मुदत संपणाऱ्या वस्तू तर मुळीच नाही. जुने कपडे गोळा करायचे तर ते स्वतःच्या बहिणीला देऊ शकू असेच घ्या.

मदत घेणाऱ्याची मान ताठ राहावी

मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बसायची अट नको, मंडळीत यायची अपेक्षा नको. विचारलं तर आपण कोण आणि का करतो हे मोकळेपणाने सांगावं. मदत घेताना कोणाचेही फोटो काढू नयेत. अहवालाला चित्र हवंच असेल तर मंडळातल्या कामाला लागलेल्या हातांचं घ्या. रांग लावण्याऐवजी टेबलावर वस्तू मांडून ज्याला जे हवं ते निवडू द्या.

मुलांबरोबर काम असेल तर कोणतीही प्रौढ व्यक्ती मुलाबरोबर बंद खोलीत एकटी नसावी, किमान दोघी हव्यात आणि दार उघडं. पालकांची लेखी संमती घ्या. मंडळीचं किंवा प्रेसबिटरीचं बालसुरक्षेचं धोरण असेल तर पहिल्या दिवसाआधी सगळ्यांनी ते वाचून सही करावी. ‘आपल्यात सगळे ओळखीचेच’ हे कारण इथे चालत नाही.

पैसा

थोड्या पैशाला कमी लेखू नका. 1956 मध्ये शांती सॉलोमन ही भारतीय स्त्री प्रेसबिटेरियन स्त्रियांच्या एका पथकाबरोबर आशियात फिरत होती. कोरियाचा व्हिसा न मिळाल्याने तिला फिलिपिन्समध्ये थांबावं लागलं. तिथे तिला बायबलमधल्या, मंदिरात आपली दमडी देणाऱ्या गरीब विधवेच्या गोष्टीवरून सुचलं की जगभरच्या बायकांनी प्रार्थना करताना आपल्या देशातलं सर्वांत लहान नाणं बाजूला ठेवावं. श्रीमंत आणि गरीब बाईचं दान त्यामुळे सारखंच राहतं. यातूनच फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या प्रेसबिटेरियन स्त्रियांनी 1922 मध्ये वाढदिवसाचं अर्पण सुरू केलं. पहिलं अर्पण जपानमधल्या मुलींच्या एका शाळेला गेलं. या दोन्ही रीती कोणत्याही मंडळाला जमण्यासारख्या आहेत. कोणी किती दिलं हे मात्र जाहीर वाचू नका.

हिशोबाचे नियम सैल ठेवले की मैत्री तुटते. अर्पण नात्यात नसलेल्या दोघींनी त्याच दिवशी मोजावं आणि दोघींनी सही करावी. खातं मंडळीच्या किंवा मंडळाच्या नावाचं असावं, कोणा बाईच्या नावाचं कधीही नाही. पैसे काढायला दोन सह्या हव्यात. एका कामासाठी जमवलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवायचा नाही. वळवणं भागच असेल तर देणाऱ्यांना विचारून. वर्षाअखेरी कोषाध्यक्षेव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी वह्या तपासाव्यात आणि सेशनला अहवाल द्यावा. मंडळीतल्या अडचणीतल्या कुटुंबाला दिलेल्या मदतीचा निर्णय तिघींनी घ्यावा; कार्यवृत्तात रक्कम यावी, नाव येऊ नये.

इतर मंडळ्यांबरोबर

मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याची मुळं 1887 पर्यंत जातात. मेरी जेम्स या प्रेसबिटेरियन बाईने तेव्हा अमेरिकेत मिशनकार्यासाठी प्रार्थना दिनाची हाक दिली होती. 1927 पासून तो जागतिक झाला. दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या स्त्रिया उपासनेचा मजकूर लिहितात. त्याची तयारी जानेवारीतच सुरू करा आणि परिसरातल्या इतर पंथांच्या मंडळ्यांना यजमानपद आळीपाळीने द्या. त्या देशातल्या बायकांचं जगणं समजून घेण्यासाठी आधी एक बैठक राखून ठेवा. मग मजकूर नुसता वाचला जात नाही.

पदं, नोंदी आणि थांबणं

अध्यक्षा, सचिव, कोषाध्यक्षा आणि भेटींची समन्वयक एवढी पदं पुरतात. मुदत दोन वर्षांची, जास्तीत जास्त दोनदा. मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत पुढच्या बाईने आधीच्या बाईबरोबर काम करावं. सगळी फोन नंबरांची वही, किल्ल्या, खात्याची कागदपत्रं आणि शोक झालेल्या घरांच्या तारखा एका यादीसह हातात द्याव्यात. भेटींची समन्वयक थकते, कारण तिच्या कानावर सगळ्यांची दुःखं पडतात. तिला दर तीन महिन्यांनी पाळकांशी किंवा एखाद्या समजूतदार वडिलांशी मोकळं बोलायची वेळ ठरवून द्या आणि वर्षातून एक महिना पूर्ण सुट्टी.

एखादं सेवाकाम थांबवायचं ठरलं तर किमान तीन महिने आधी त्या माणसांना प्रत्यक्ष भेटून सांगा, पर्यायी संस्थेशी त्यांची गाठ घालून द्या आणि शिल्लक निधी कुठे जाणार ते सेशनला लेखी कळवा. काम बंद झाल्यावर महिनाभराने जोडीने जाऊन त्यांना एकदा भेटून या.